हरितालिकेपर्यंत

मी कुलूप काढून आत गेले आणि कारखान्याच्या गणपतीनं माझ्याकडे पाहिलं.

हातातली पाण्याची बादली मी तशीच दारात ठेवली. सकाळचे साडेसात वाजले असतील. फळ्यांवर दीडेकशे मूर्ती ओळीनं बसल्या होत्या. कुणाला नुसता पांढरा हात दिलेला, कुणाचं अंग गुलाबी झालेलं, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. मधल्या पाटावरचा तो एकटा डोळे उघडून बसला होता. आषाढ अजून संपायचा होता. त्यानं डोळे उघडायला दीड महिना अवकाश होता.

आमच्या पेणमध्ये मूर्ती घडवतात त्या जागेला कारखाना म्हणतात, मग तो दोन खोल्यांचा का असेना. रमाकांतशेठ टेमकरांचा कारखाना तळ्यामागच्या गल्लीत होता आणि मी तिथे नऊ वर्षं रंगकाम करत होते. त्या कारखान्याची एक रीत होती. साल सुरू झालं की पहिल्या शाडूचा एक गणपती घडवायचा. तो विकायचा नाही. घडायला सगळ्यांच्या आधी, आणि डोळे मात्र सगळ्यांच्या शेवटी. हरितालिकेच्या संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक आपली मूर्ती घेऊन गेलं की आखणी करणारा माणूस आंघोळ करून यायचा, ह्या गणपतीचे डोळे काढायचा आणि ब्रश धुऊन ठेवायचा. तिथे साल संपलं. आखणी म्हणजे डोळ्यांचं काम, आणि ते ज्याच्या हातात त्यानं तोवर गाव सोडायचं नाही, घरचं लग्न असलं तरी. शेठच्या वडिलांनी ही रीत घातली ती भक्तीनं, असं शेठ सांगायचे. ऐन हंगामात आखणीवाला शेजारच्या कारखान्यात पळू नये म्हणून घातली, असं बाकीचे सांगायचे. दोन्ही खरं असेल.

आमचा आखणीवाला म्हणजे शांताराम समेळ, सगळ्यांचे आप्पा. वय चौसष्ट, चाळीस वर्षं हातात ब्रश, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मला गावात भांडखोर म्हणतात आणि ते काही खोटं नाही, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमायचं. नऊ वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, मला डोळा शिकवा. नऊ वर्षं ते एकच सांगत होते, "तू रंग लाव, रंग. डोळा म्हणजे काय आमटीची फोडणी आहे?"

त्या वर्षी होळीनंतर त्यांचा हात थरथरायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अकरा मूर्ती बिघडल्या. एक गिऱ्हाईक आगाऊ मूर्ती बघायला आलं होतं, ते हसत म्हणालं, "हे बाप्पा आमच्याकडे बघतायत का शेजाऱ्याकडे?" सगळे हसले. आप्पाही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ब्रश उचलला नाही. आठ दिवस कोपऱ्यात बसून राहिले, मग यायचेच बंद झाले. त्यांची सून सुलभा बाजारात भेटली की सांगायची, जेवत नाहीत, पहाटे तीनलाच उठून बसतात, बोलवलं तरी ओ देत नाहीत. शेठ म्हणायचे, वय झालं, चालायचंच.

आणि गणपतीनं डोळे उघडले त्याच आठवड्यातल्या सोमवारी आप्पा अचानक कारखान्यात हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. मला म्हणाले, "बस गो इथं. आज डोळा शिकवतो." मला आधी थट्टाच वाटली. पण चार दिवस त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मूर्ती उंचावर ठेवून आपण खाली का बसायचं, वरची पापणी श्वास सोडता सोडता एका दमात कशी ओढायची, बुबुळातला पांढरा ठिपका कुठे द्यायचा म्हणजे हात जोडणाऱ्या माणसाशीच नजर मिळते. नऊ वर्षं जे मागत होते ते चार दिवसांत पदरात पडलं. गुरुवारी त्यांनी आपली ब्रशांची पत्र्याची डबी माझ्या हातात ठेवली. खारीच्या केसांचे सात ब्रश, मुठी त्यांच्या बोटांनी झिजलेल्या. म्हणाले, "ठेव तुला." शेठना त्यांनी आपला रेडिओ दिला. सुलभाला सासूची नथ दिली. सगळा कारखाना खूश होता. मी तर घरी जाऊन आईला ती डबी तीनदा उघडून दाखवली.

आणि आज शुक्रवार, आणि हा माझ्याकडे बघत होता.

डोळे विलक्षण सुंदर होते. मी जवळ जाऊन पाहिलं. वरची पापणी एका दमात ओढलेली, केसभर कुठे हललेली नव्हती. ज्या हातातून चहाची बशी सांडत होती त्या हाताची ती रेघ.

तेवढ्यात मागून शेठ आले. त्यांनी मूर्ती पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरे वा रे वा! आप्पाचा हात बसला गो कुंदा! रेघ बघ, रेघ! आहे का कुठे कंप?"

"शेठ, हे कधी केलं त्यांनी?"

"काल सांजचे चावी मागायला आले होते. म्हणाले, थोडं काम राहिलंय, उरकून टाकतो. मला वाटलं असेल काही बारीकसारीक." शेठना आनंद आवरत नव्हता. "हरितालिकेची रीत मोडली खरी, पण मोडू दे! रविवारी शाल, श्रीफळ, सगळं करू. मी हार सांगतो आजच."

आमच्या धंद्यात माणूस त्याच्या रेघेवरून ओळखतात. रेघ बिघडली तर माणूस बिघडला, रेघ सरळ आली तर माणूस बरा झाला. शेठनी चाळीस वर्षं तेच केलं होतं, त्यांना दोष कसा द्यायचा? पण मला त्या रेघेची भीती वाटत होती. थरथरायला सुद्धा माणसाच्या आत काही वाद चालू असावा लागतो. हा वाद मिटवून बसलेल्या माणसाचा हात होता.

"शेठ," मी म्हटलं, "आप्पा जिवाचं काही बरंवाईट करणार आहेत."

"शुभ बोल गो!" शेठ एकदम मागे सरले. "देवासमोर उभी आहेस. काहीतरीच काय? माणूस दोन महिन्यांनी हसायला लागला..."

"दोन महिन्यांनी हसायला लागला, ब्रश वाटले, रेडिओ वाटला, नथ वाटली, आणि जे शेवटी करायचं ते आज करून मोकळा झाला. आता त्यांचं काय काम राहिलंय ते सांगा मला."

शेठ हळू आवाजात म्हणाले, "समजा तुझं खरं धरलं. तरी असं विचारायचं नसतं कुंदा. डोक्यात नसलेलं घातल्यासारखं होतं. आपण सत्कार करू, चार लोक चांगलं बोलतील, त्यांचं मन रमेल."

"आमच्या घरात पण कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नजर खाली घातली.

मी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि पाटावर चढून गणपतीचा उजवा डोळा पुसून टाकला.

शेठच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रंग कच्चाच होता, दोन हातांत सगळा निघाला, खाली पांढरं उरलं. डोळे उघडलेल्या देवाचा डोळा पुसायचा, हे पेणमध्ये कुणी ऐकलं असतं तर मला वाळीत टाकलं असतं. पण आप्पांना मी चांगली ओळखत होते. नुसती तब्येत विचारायला गेलेल्या माणसाला ते दारातून परत पाठवणार, आणि तेही गोड बोलून. डोळा पुसला गेला म्हणून सांगायला आलेल्या माणसाला मात्र ते परत पाठवू शकत नव्हते. मला त्यांच्या घरात शिरायला कारण हवं होतं आणि दुसरं सुचलं नाही.

"काय ओरडायचं ते मागाहून ओरडा," मी शेठना म्हटलं. "आप्पांच्या उल्हासच्या कंपनीत फोन लावून बघा, तो कामावर आहे की घरी. आणि हार सांगू नका." डबी काखोटीला मारून मी निघाले.

समेळांचं घर दोन गल्ल्या सोडून. दार नुसतं लोटलेलं होतं. ओटी झाडलेली, अंगणातली तुळस पाण्यानं निथळत होती, दोरीवर एक कपडा नाही. आप्पा बाकावर बसले होते. पायाशी कागदांचा एक नीट बांधलेला गठ्ठा.

"ये गो," ते म्हणाले. "आज काम नाही वाटतं?"

"सुलभा कुठे आहे?"

"पालीला धाडली. उल्हासला पण रजा काढायला लावली, नातीला घेऊन तिघं गेली. कधीची जायची म्हणत होती बिचारी. सांजपर्यंत येतील." ते हसले. इतकं निवांत हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"आप्पा, कारखान्याच्या गणपतीचा डोळा पुसला गेलाय. उजवा."

हसू गेलं. ते ताडकन उठले. "कुणी पुसला?"

"मी."

"तू? हात झडले नाहीत तुझे? चार दिवस बसवून शिकवलं ते यासाठी? अगो, अख्ख्या आयुष्यात अशी रेघ..." ते तांबडेलाल झाले होते, कपाळावरची शीर उडत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. महिनोन्महिने त्या माणसाला राग आला नव्हता.

ओरडून ते दमले. मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. डोळा शिकताना बसायचे तशीच, खाली, त्यांच्याकडे वर बघत.

"आप्पा, एक विचारते. तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?"

शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा वाटलं आता छप्पर कोसळणार. तसलं काही झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. आप्पा खाली बसले. आपल्या हातांकडे बघत म्हणाले,

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ठरवलंय का?"

"हो," ते म्हणाले.

नुसतं हो. मी काय करणार होते पुढे, ते मलाच ठाऊक नव्हतं. विचारायचं एवढंच मी ठरवून आले होते. मग विचारतच गेले.

"आज?"

त्यांनी मान हलवली.

"घरात काही आणून ठेवलंय?"

त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"ते आणून माझ्याकडे द्या."

"कुंदा, हे बघ, तू पोर आहेस..."

"बत्तीस वर्षांची घोडी आहे मी. आणून द्या."

ते आत गेले. मीही उठून त्यांच्या मागोमाग गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आजही सांगणार नाही. ते मी पिशवीत तळाशी घातलं, पिशवी खांद्याला अडकवली, आणि दिवसभर ती खाली ठेवली नाही.

ओटीवर परत आलो तेव्हा ते बोलायला लागले, आणि बोलायला लागले ते थांबेचनात. "मी काय वेडा नाही गो. नीट विचार केलाय. हात गेला. हात गेला म्हणजे माझ्यात उरलं काय? घरात मी नुसता जागा अडवतो. उल्हास पाळी करून दमून येतो तर मी पुढच्या खोलीत जागा. सून माझ्यासाठी वेगळं पथ्याचं करते. नातीला अभ्यासाला कोपरा नाही. मी नसलो की चार दिवस रडतील, मग सगळ्यांची सोय होईल. कुणावर राग नाही माझा. सगळ्यांचं सगळं देऊन झालंय."

"सुलभा म्हणाली का असं? की तुमची अडचण होते?"

"ती कशाला म्हणेल? देवमाणूस आहे ती. मला दिसतं ना."

"तुम्हाला दिसतं," मी म्हटलं. "अकरा गणपती तिरळे काढलेत तेव्हाही तुम्हाला ते सरळच दिसत होते."

हे मी बोलायला नको होतं. पण ते चिडले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

मी डबी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही नको मला. माझ्या दादानं मला घड्याळ दिलं होतं."

माझा दादा, जनार्दन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्याबद्दल मी कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"सहा महिने तो घुम्यासारखा असायचा. आई म्हणायची, नजर लागली. मग एके दिवशी एकदम मोकळा झाला. संध्याकाळी हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. म्हणाला, तुला आवडतं ना, घे. जेवायला दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आईला म्हणाला, कालवण फक्कड झालंय. आप्पा, मी ते घड्याळ घालून नाचले. शेजारी दाखवायला गेले. आई देवापुढे साखर ठेवून आली, पोर बरं झालं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी..."

आप्पांनीच तांब्या पुढे केला.

"सात वर्षं झाली," मी पाणी पिऊन म्हटलं. "कुणाची काही सोय झाली नाही. आई अजून कालवण करत नाही. मी अजून तेच म्हणते मनात, की तेव्हा विचारलं असतं तर. त्याचं काय बिनसलं होतं ते आम्हाला आजही ठाऊक नाही. चार दिवसांचं रडणं म्हणालात ना तुम्ही, ते हे असं असतं. आता दुसऱ्यांदा मला हे असलं बक्षीस नको. ब्रश तुमच्याकडे ठेवा."

आप्पांनी डबी उघडली, बंद केली. मग त्यांचा हात थरथरायला लागला. झाकण डबीवर वाजायला लागलं, टकटक टकटक, त्यांना ते थांबवता येईना. आणि मग ते रडले. मोठ्यानं, लाज सोडून, तोंड उघडं ठेवून. मी त्यांचा हात धरला नाही की पाठीवरून फिरवला नाही, आमच्यात तशी रीत नव्हती. मी नुसती बसून राहिले. मला पण रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.

"जा आता तू," थोड्या वेळानं ते म्हणाले. "कारखान्यात काम पडलं असेल."

"असेल."

"मी काही करत नाही आता. शब्द देतो."

"चांगलं आहे. मी उल्हास येईपर्यंत बसते."

"संध्याकाळ होईल."

"होऊ दे. चहा करू?"

मी चहा केला. तो त्यांनी एक घोट घेऊन खाली ठेवला. "हा चहा आहे की शाडूचं पाणी?" म्हणाले. दुपारी मी डाळ-भात टाकला, त्याला पण नावं ठेवली. मधूनच बोलायचे, मधूनच तासभर भिंतीकडे बघत बसायचे. दोनच्या सुमाराला शेठ येऊन ओटीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "आप्पा, तुमचा रेडिओ परत आणलाय. खरखर करतो." आणि रेडिओ बाकावर ठेवून, डोळे पुसत, तिथेच बसून राहिले.

जाताना शेठनी विचारलं, "मग तो उजवा डोळा... आज संध्याकाळी येऊन काढता का? तसाच ठेवणं बरं दिसत नाही."

मी श्वास धरून बसले होते.

"आज नको," ते म्हणाले. "फडकं टाकून ठेवा त्याच्यावर. हरितालिकेला काढू. रीत आहे ती."

पाचला मंडळी आली. मी सगळं उल्हासला बाहेर नेऊन सांगितलं, पिशवीतली पुडी दाखवली. तो आधी भडकलाच. आत जाऊन म्हणाला, "आम्ही काय कमी केलं होतं आप्पा? लोक काय म्हणतील?" आप्पांनी खांदे आत घेतले. मी मधे पडले. "उल्हास, भांडायचं ते पुढल्या महिन्यात भांड. आत्ता त्यांच्याजवळ बस." सुलभा आधीच त्यांच्या पायाशी बसली होती. तिनं नथ नाकातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "पोरीच्या लग्नात तुमच्या हातानं घाला मला. त्याच्या आधी नको."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही अलिबागला सरकारी दवाखान्यात गेलो. मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, चाळिशीतल्या, साध्या. त्यांनी पाच मिनिटांत आप्पांना तेच विचारलं जे मी विचारलं होतं, त्याच शब्दांत, सर्दी-खोकला विचारावा तसं. माझ्या जिवात जीव आला. बाहेर मी त्यांना म्हटलं, "मला भीती होती, विचारल्यानं डोक्यात जाईल." त्या म्हणाल्या, "नसलेलं विचारल्यानं येत नाही. असलेलं मात्र एकट्यानं वाहावं लागत नाही." त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, औषध लागू पडायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर एकटं ठेवू नका, गोळ्या सुनेनं हातात द्यायच्या, आणि ते म्हणाले मी बरा आहे तरी पुढच्या खेपेला आणायचं. हाताच्या थरथरीसाठी दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. ती थरथर काही अंशी काळजीची होती, काही अंशी वयाची.

पुढचा दीड महिना सोपा गेला असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. श्रावणात दोन दिवस त्यांनी तोंडात पाणी घेतलं नाही. एकदा मला म्हणाले, तू मला अडकवून ठेवलंस, तुझं भलं होणार नाही. मी म्हटलं, नाही झालं तर नाही झालं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रोज जायचे. रंगवलेल्या दोन मूर्ती टोपलीत घेऊन जायचे आणि त्यांच्यापुढे बसून डोळे काढायचे, मुद्दाम थोडे चुकवायचे. पहिल्या आठवड्यात ते बघायचेसुद्धा नाहीत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "भुवई आहे की सुरवंट?" तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात आले आणि माझ्या मागे स्टूल टाकून बसले. त्यानंतर मला मुद्दाम चुकवायची गरज पडली नाही, आपोआपच चुकायला लागलं.

हरितालिकेच्या संध्याकाळी शेवटची मूर्ती गेली. आप्पा आंघोळ करून आले. शेठनी फडकं काढलं. एका डोळ्याचा गणपती सहा आठवड्यांनी आमच्याकडे बघत होता. आप्पांनी ब्रश बुडवला, हात वर नेला, आणि हात थरथरायला लागला. मी पुढे होऊन त्यांचं कोपर खालून धरलं. त्यांनी श्वास सोडला आणि रेघ ओढली. ती सरळ आली नाही. डाव्या डोळ्यात साक्षात देव होता आणि उजव्यात जरा खट्याळपणा. शेठनी बघितलं, मग आप्पांकडे बघितलं, आणि म्हणाले, "झकास." तो गणपती त्या वर्षी आमच्याकडे दहा दिवस बसला, आणि आरतीला सगळे त्याच्या उजव्या बाजूला गर्दी करायचे.

आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. नातीच्या लग्नात सुलभाला नथ घातली, घालताना नाक दुखवलं. ब्रश त्यांनी पुन्हा फक्त हरितालिकेला धरला, माझ्या हाताच्या आधारानं, पण बाकी तीनशे चौसष्ट दिवस आमच्या डोक्यावर बसून आमचे डोळे दुरुस्त केले. मधे दोनदा तो काळोख परत आला होता. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं, "कुंदे, परत सुरू झालंय गो," आणि आम्ही अलिबागची गाडी पकडली.

गेले ते आषाढातच, न्यूमोनियानं, दवाखान्यात. आदल्या दुपारी त्यांनी नर्सच्या चहाला नावं ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी मी कारखाना उघडला. त्यांच्या स्टुलापाशी वाटीत कालवलेला रंग वाळून पडला होता. चष्मा उघडाच होता. पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं, सोमवारी कुंदाला सांगणे, सोंडेची सावली चुकते आहे. अर्धी विडी काडेपेटीवर विझवून ठेवलेली, नंतर ओढायला म्हणून. आणि मधल्या पाटावर कारखान्याचा गणपती, दोन्ही डोळे कोरे.

सगळं अर्धवट टाकून गेले होते आप्पा. काहीसुद्धा उरकलेलं नव्हतं. मी स्टुलावर बसून पोटभर रडले, आणि रडता रडता मला हसू येत होतं.